किल्ल्यातील पहाटेचा चहा

मुलांनो, अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला तुम्हांला ठाऊक आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्रज सरकारने मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडले. त्यांतील अनेकांना या किल्ल्यात ठेवले. त्यांत पंडित नेहरू होते आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही होते.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्का शहरात झाला. त्यांना चहाची फार आवड होती. किल्ल्यात ते पहाटेच्या अंधारात उठत व स्वतःच्या हाताने चहा करीत. चहा चिनी, चमेलीच्या सुगंधाचा असे. त्यात दूध मुळीच नसे. दूध घातले की चहा चहा राहत नाही, असे त्यांचे मत होते. एकेक घोट घेत ते आपल्या मित्राला पत्रे लिहीत. ती पत्रे बाहेर पाठवता येत नव्हती. तरी ते लिहीत राहिले. १९४६ साली त्यांचेच 'गुबार-ए-खातिर' हे उर्दू पुस्तक झाले.

एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांच्या आजाराच्या बातम्या येत होत्या. पण सरकारपुढे हात पसरायचा नाही, असे मौलानांनी ठरवले होते. शेवटची भेट झालीच नाही. दुःख डोंगराएवढे होते, तरी त्यांनी आपला नित्यक्रम मोडला नाही.

१९४५ साली ते सुटले. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस 'राष्ट्रीय शिक्षण दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तुम्ही किल्ल्यातील ती पहाट अवश्य आठवा.