रात्रशाळेच्या सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की मुलींची शाळा डोळ्यांसमोर येते. परंतु दिवसभर राबून रात्री पाटी हाती घेणाऱ्या मोठ्या माणसांसाठीही या माउलीने आपल्या घराचे दार उघडले, ही गोष्ट आपल्या वस्त्यांतून फारशी सांगितली जात नाही.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली जोतिरावांशी विवाह झाला, तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या. स्त्रीने अक्षर गिरवणे पाप, अशी त्या काळची समजूत. सासरी आल्या त्या निरक्षरच. जोतिरावांचे शिक्षणही सुरळीत झाले नव्हते. लोकांचे ऐकून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले व मळ्याच्या कामाला लावले. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत बसले. खंड पडलेले शिक्षण पुन्हा जोडणे किती कठीण, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

जोतिरावांनी आपली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. पत्नीला आणि आपल्याला वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर यांना त्यांनी शिकवायला घेतले. एक सून, दुसरी वयाने मोठी विधवा. दोघी अक्षरे गिरवू लागल्या. घर हीच पहिली शाळा झाली. पुढे सखाराम परांजपे व केशव भवाळकर या स्नेह्यांनी सावित्रीबाईंच्या अभ्यासाला हातभार लावला. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. समाजाने छळले, १८४९ साली सासऱ्यांचे घर सोडावे लागले; पण जोतिराव पाठीशी उभे राहिले. शिकणाऱ्याला शिक्षक लागतो, तसा शिक्षकालाही आधार लागतो.

१८५५ साली या दांपत्याने शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा उघडली. दिवसा पोटासाठी राबणाऱ्याला दिवसाची शाळा काय कामाची? म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलली. त्याच वर्षी जोतिरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोशाच्या थापांना बळी पडून नागवले गेलेले कुणबी जोडपे अखेर याच रात्रशाळेत शिकायला जाण्याचे ठरवते. नवरा एकटा जात नाही, बायकोही जाते, हे ध्यानात घ्यावे.

१८९७ च्या प्लेगात, मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांनाही रोग जडला व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतिरावांना गुरू मानले. त्या गुरूच्या घरात विद्येची सुरुवात कुठे झाली, ते आपण पाहिले. आपल्या घरात मुलगा पदवीधर होतो, मुलगी शाळेत पहिली येते. आणि आई मात्र कागदावर अंगठा उठवते. आपण तिच्या बोटाची शाई पुसायला फडके पुढे करतो, पाटी करीत नाही. आई लाजेल, चुकेल, उद्या बघू म्हणेल. तिच्यावर हसू नये, रागावू नये. आज जेवणे आटोपल्यावर तिच्याजवळ बसावे आणि आधी तिचे स्वतःचे नाव तिला लिहायला शिकवावे. आणि शेजारची एखादी लेक दहा बायांना शिकवीत असेल, तर तिच्यासाठी आपली ओसरी आणि दिवा द्यावा.