पोटकलमाची कसोटी

पणजीच्या आझाद मैदानालगत ज्या संस्थेची वास्तू उभी आहे, ती १८७१ साली स्थापन झाली आणि पुढे दीर्घकाळ वास्को द गामाच्या नावाने ओळखली गेली. मुक्तीनंतर, १९६३ साली, तिला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव देण्यात आले. एका दर्यावर्द्याचे नाव गेले आणि त्या जागी एका पत्रकाराचे आले. या बदलाचा अर्थ नीट उमजावयाचा असेल तर ब्रागांझा यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे. या पुरुषाच्या साठ वर्षांच्या आयुष्यात तीन राज्यघटना आल्या. कागदावर लिहिलेले स्वातंत्र्य आणि माणसाच्या पदरात पडलेले स्वातंत्र्य यांतील अंतर किती असू शकते, हे तिन्हींनी त्यांना दाखविले.

साष्टीतील चांदर गावच्या एका सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यात १५ जानेवारी १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या वेळी पोर्तुगालात राजेशाही होती आणि १८२६ ची सनद हीच राज्यघटना होती. या सनदेने कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म ठरविला होता. अन्य धर्मांच्या उपासनेची मुभा होती, परंतु ती परकीयांना आणि तीही घराच्या चार भिंतींच्या आत. धर्मापायी कोणाचाही छळ होणार नाही, असे अभयही त्याच सनदेत होते. मात्र राज्याच्या धर्माचा मान राखला पाहिजे, ही अट त्याला चिकटलेली होती. गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ साली संपले, शेंडीकर १८४० साली उठला, हे खरे. तथापि, आपल्याच भूमीत पूर्वापार राहणाऱ्या हिंदूंना राज्याच्या मूळ कायद्यात बरोबरीचे स्थान नव्हते. त्यांच्या वाट्याला सहिष्णुता आली होती, हक्क आला नव्हता. सहिष्णुता ही देणाऱ्याच्या मर्जीवर जगते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मेसियस गोमिश यांच्यासमवेत ब्रागांझा यांनी १९०० साली ‘ओ हेराल्दो’ काढला. गोव्यातील पोर्तुगीज भाषेतील ते पहिले दैनिक. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही कोसळली आणि प्रजासत्ताक आले. एप्रिल १९११ च्या कायद्याने धर्मसंस्था आणि राज्य यांची फारकत केली, त्याच वर्षीच्या घटनेने सर्व धर्मांना समान लेखले. गोव्यातील हिंदू समाजाच्या दृष्टीने हा युगान्त होता. शिक्षणाची आणि सरकारी सेवेची दारे उघडू लागली. मराठी नियतकालिकांना बळ आले. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ याच काळातले. ब्रागांझा यांनी १९११ मध्ये ‘ओ देबाते’ सुरू करून या नव्या विचारांचा किल्ला लढविला. जन्माने ख्रिस्ती आणि वृत्तीने स्वतंत्र बुद्धीचा हा माणूस हिंदूंच्या समान हक्कांसाठी आपल्याच समाजातील सनातन्यांचा रोष पत्करीत होता. आपल्या धर्माच्या माणसांसाठी स्वातंत्र्य मागणे सोपे असते. दुसऱ्याच्या उपासनेसाठी लेखणी झिजविणारे थोडे.

परंतु या प्रजासत्ताकालाही डाग होता आणि तो झाकण्याचे कारण नाही. ज्या राजवटीने येथील हिंदूंना समान नागरिक मानले, तिनेच पोर्तुगालात जेझुइटांना हद्दपार केले आणि धार्मिक संघांवर बंदी घातली. बहुसंख्याकांच्या धर्मसत्तेला आवर घालणे वेगळे आणि कोणाच्याही श्रद्धेवर राज्याने टाच आणणे वेगळे. ही रेषा पुसट झाली की स्वातंत्र्याचे शत्रू त्याच चुकीचे भांडवल करतात. पोर्तुगालात तसेच झाले. मे १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९२८ साली सालाझार अर्थमंत्री झाले आणि १९३२ मध्ये पंतप्रधान.

या नव्या राजवटीने १९३० साली ‘आक्तु कॉलोनियाल’ आणले. वसाहती ताब्यात ठेवणे आणि तेथील लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे उपजत कार्य होय, असे त्यात कायद्याच्या भाषेत नमूद झाले. ४ जुलै १९३० रोजी पणजीत शासकीय मंडळाच्या बैठकीत ब्रागांझा उभे राहिले. त्यांनी या कायद्याचा निषेध करणारा आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला व तो संमत करून घेतला. लिस्बनने ठराव जुमानला नाही. पुढे १९३३ ची घटना आली. तिच्या आठव्या कलमात विचारस्वातंत्र्य आणि उपासनास्वातंत्र्य दोन्ही दिमाखाने विराजमान होती. मात्र त्याच कलमाच्या पोटात सांगितले होते की, अभिव्यक्तीचे नियमन खास कायदे करतील आणि लोकमत बिघडू नये म्हणून ते आधीच प्रतिबंध करू शकतील. ही घटना अमलात आली त्याच दिवशी, ११ एप्रिल १९३३ रोजी, छापण्यापूर्वी मजकूर तपासण्याचा हुकूमही निघाला. कलमाने दिले आणि पोटकलमाने काढून घेतले. ब्रागांझा ज्या ‘प्रकाश’ पत्रातून लिहीत होते, ते १९३७ साली सरकारने बंद पाडले. दुसऱ्या वर्षी, १० जुलै १९३८ रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. आठ वर्षांनी, १८ जून १९४६ रोजी, मडगावात डॉ. लोहियांनी जो बंदीहुकूम मोडला, तो सभा-भाषणावरचाच होता.

आम्ही हे चरित्र आज आठवतो ते केवळ कृतज्ञतेपोटी नव्हे. आपल्या राज्यघटनेतही कलमांना पोटकलमे आहेत. एकोणिसाव्या कलमाने भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले. त्याच्याच दुसऱ्या खंडाने त्यावर मर्यादा सांगितल्या आणि १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्या वाढविल्या. पंचविसाव्या कलमातील धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. मग सालाझारच्या घटनेत आणि आपल्या घटनेत फरक तो कोणता? फरक एका शब्दाचा आहे आणि एका व्यवस्थेचा. त्याच पहिल्या दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्द दुसऱ्या खंडात आणला, आणि निर्बंध वाजवी आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार सरकारला नसून न्यायालयाला आहे. धार्मिक भावना दुखविण्याविषयीचा दंडविधानातील कायदा १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, तोही हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अवमानापुरताच त्याचा अर्थ लावून. आज हाच अपराध भारतीय न्याय संहितेत आहे आणि तेथेही हेतूची ही अट कायम आहे.

निर्बंध नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. चिथावणीने घरे पेटतात आणि पेटलेल्या घरात कोणाचेही स्वातंत्र्य उरत नाही. परंतु आमच्या भावना दुखावल्या, एवढे म्हटले की दुसऱ्याचे तोंड बंद झाले पाहिजे, ही समजूत घटनेची नव्हे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वाजवीपणाची कसोटीच बाजूला सारली गेली आणि स्वतंत्र भारतातही छापण्यापूर्वी मजकूर तपासला गेला, हे विसरून चालणार नाही. कसोटी घटनेत आहे. परंतु ती लावण्याचा आग्रह नागरिकांनी धरावा लागतो. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या बाबतीतही तो धरणे, हीच ब्रागांझा यांच्या नावाची बूज राखणे होय. एरवी वास्तूवरची पाटी बदलून काय साधले, असे उद्याच्या पिढीने विचारले तर आपल्यापाशी उत्तर नसेल.