डासामागे लागलेला डॉक्टर

हिवताप डासामुळे होतो हे आज पहिलीतलं पोरही सांगेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते नक्की ठाऊक नव्हते. दलदलीच्या खराब हवेने ताप येतो, असे पुष्कळ लोक समजत. हे कोडे रोनाल्ड रॉस यांनी सोडवले, तेही आपल्याच देशात बरं का!

त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. वडील इंग्रजी सैन्यात अधिकारी. रोनाल्डला कवितेची नि चित्रांची आवड, पण वडिलांनी त्याला डॉक्टर केले. १८८१ साली ते सरकारी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. १८८३ साली बंगळूरला त्यांच्या बंगल्यात डासच डास. शोधता शोधता खिडकीबाहेरच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप रिकामे केले, डास कमी झाले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण हे आपल्यालाही जमते.

पुढे सिकंदराबादला त्यांनी अळ्या पाळून डास वाढवले, म्हणजे ते आधी कुणाला चावलेले नसत. मग हुसेन खान या तापाच्या रोग्याला ते डास चावू दिले. दर डासाला एक आणा! दहा डासांचे दहा आणे झाले. नंतर एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. एवढा उकाडा, पण पंखा चालवता येईना, डास उडून जातील ना! दोन वर्षे काही सापडले नाही. शेवटी २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. दुसऱ्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून, जंतू डासाच्या लाळेतून शरीरात जातात हेही त्यांनी दाखवले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ते वारले.

डास अंडी कुठे घालतो ते शोधा, हा त्यांचा मार्ग. १९११ साली डॉ. बेंटली यांना मुंबईत हिवतापाचे डास घरोघरच्या विहिरींत सापडले. मग तिथे कितीतरी विहिरी झाकल्या, बुजवल्या. आपल्या भुईगावात विहीर बुजवली तर वाडीला पाणी कुठून घालणार? म्हणून विहिरीत गप्पी मासे सोडतात. ते अळ्या मटकावतात.

अळी ओळखायची खूण सोपी आहे. साध्या डासाची अळी पाण्यात डोके खाली करून लोंबते. हिवतापाच्या डासाची पाण्याच्या वर आडवी पडून राहते. आमच्या विहिरीत आडव्या निघाल्या. बाबा सोमवारी गप्पी मासे आणायला जाणार आहेत.