हाफकिन यांचे प्रयोग आणि उंडेरा गाव

परळची हाफकिन संस्था आपल्याला ठाऊक असते. ज्यांच्या नावानं ती उभी आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांच्याबद्दल मात्र आपली माहिती ‘प्लेगची लस’ या दोन शब्दांपाशी थांबते. मला त्यांच्या आयुष्याची ओढ वाटते ती वेगळ्या कारणानं. संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी आपण प्रायोगिक अभिकल्पाचे प्रकार पाठ करतो: पूर्व-प्रायोगिक, अर्ध-प्रायोगिक, खरा प्रायोगिक. परीक्षा झाली की विसरतो. या माणसाच्या आयुष्यात तेच प्रकार एकामागून एक घडताना दिसतात, आणि तेही माणसं मरत असताना. त्यातला सगळ्यात नेटका प्रयोग तर आपल्या बडोद्याच्या वेशीवर झाला.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसाचा. घराणं ज्यू. विद्यापीठात मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले, पण झारच्या रशियात ज्यू माणसाला पुढे प्राध्यापकी मिळणं कठीण. बाप्तिस्मा घेतला असता तर वाट मोकळी झाली असती. त्यांनी तो घेतला नाही. (ख्रिस्ती महाविद्यालयाच्या अंकात हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. नोकरीसाठी बदललेला धर्म कुणाच्याच कामाचा नसतो.) १८८८ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. पुस्तकं सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्यावर काम केलं, आणि १८ जुलै १८९२ रोजी आपली लस स्वतःलाच टोचून घेतली.

धाडस म्हणून हे मोठंच. अभिकल्प म्हणून पाहिलं तर अगदी कच्चं. एक माणूस, एक उपचार, मग निरीक्षण. तुलनेला कुणीच नाही. हाफकिन जगले यावरून एवढंच कळलं की लस जीव घेत नाही. ती कॉलरा रोखते का, या प्रश्नाला त्या दिवशी हातही लागला नव्हता. आपल्या पुस्तकातला पूर्व-प्रायोगिक अभिकल्प तो हाच. हाफकिन यांना ही मर्यादा पुरेपूर माहीत असावी, कारण त्यानंतर ते शोधत राहिले ते तुलनेसाठी योग्य माणसं. जिथे कॉलरा खरोखर येतो आणि वारंवार येतो, अशी जागा त्यांना हवी होती. म्हणून १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले.

पहिली दोनेक वर्षं उत्तर हिंदुस्थानात हजारो लोकांना लस टोचली गेली. पण सैनिकांच्या पलटणी बदलत, माणसं गावं सोडून जात, आणि नंतर कोण आजारी पडलं याचा माग लागेना. टोचलेल्यांचा आकडा मोठा असला म्हणजे पुरावा मोठा, असं नसतं. आपल्याकडेही दोनशे प्रश्नावल्या वाटल्या की संशोधन झालं असं समजणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये त्यांना खरी वाट सापडली. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचं पाणी पिणारी माणसं. काहींनी लस घेतलेली, काहींनी नाही. आता तुलनेला अर्थ आला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबरात हाफकिन तिथे पोहोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत काम सुरू झालं. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडायचे, की त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली झुंबरासारखे वाढतात. रसासाठी बोकडाचं मांस घेतलं, गोमांस नाही. लस कुणाला टोचायची आहे हे या परक्या माणसानं आधीच ध्यानात घेतलं होतं. १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा पहिली सुई स्वतःलाच.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही प्रयोगासाठी विलक्षण जागा. सगळ्यांचं जेवण एक, पाणी एक, कोठड्या सारख्या, झोपण्या-उठण्याच्या वेळा सारख्या. ज्यांना आपण बाह्य चल म्हणतो, ते बहुतेक सगळे तिथल्या भिंतींनीच बांधून ठेवलेले. निम्म्याच्या आसपास कैदी लस घ्यायला पुढे आले, बाकीचे नियंत्रित गट झाले. लस घेतलेल्यांत नंतर प्लेग फार थोडा दिसला, न घेतलेल्यांत कितीतरी जास्त.

पण एक भोक राहिलं होतं. लस कुणी घ्यायची हे कैद्यांनी स्वतः ठरवलं. जो आपण होऊन पुढे येतो तो आधीच अधिक धट्टाकट्टा, अधिक सावध असू शकतो. मग फरक लसीचा, की माणसाचा? आणि तुरुंगातली ‘स्वेच्छा’ कितपत स्वेच्छा असते, हाही प्रश्न आहेच. तो आज आपल्याला अधिक टोचतो.

दमणचे आकडे तर डोळे दिपवणारे. दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे, गोव्याच्या कारभाराखाली. १८९७ च्या साथीत तिथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. एवढी तफावत पाहून कुणीही मान डोलवेल. मी मात्र इथे थबकते. टोचून घ्यायला कोण गेलं? साथ चालू असताना जो लस घेण्याआधीच मेला, तो कुठल्या रकान्यात मोजला गेला? तो आपोआप ‘न घेतलेल्यां’त जातो आणि लसीचं पारडं फुकट जड होतं. गट आधीपासून पडलेले असतात आणि आपण फक्त मोजतो, तेव्हा तो अर्ध-प्रायोगिक अभिकल्प. त्यातून दिशा कळते, माप नीट कळत नाही.

मग फेब्रुवारी १८९८. बडोदा संस्थानातलं उंडेरा, जे आज वाढत्या शहराला येऊन टेकलं आहे. गावची वस्ती १,०२९. प्लेगनं आधीच ७९ माणसं नेलेली. उरली ९५०. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबवार यादी केली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडले. वय, प्रकृती, बाई-पुरुष हे जमेल तितकं सारखं ठेवून अर्ध्यांना लस दिली, अर्ध्यांना नाही. घर तेच, चूल तीच, उंदीर तेच. एकूण ५१३ जणांना टोचलं, ४३७ जणांना तसंच ठेवलं.

काही आठवड्यांनी घरोघर जाऊन तपास झाला. प्लेग २८ कुटुंबांत शिरला होता. त्या कुटुंबांत लस घेतलेले ७१ होते. त्यांतले ८ आजारी पडले, ३ मेले. लस न घेतलेले ६४. त्यांतले २७ आजारी पडले, २६ मेले.

हे आकडे मी पुन्हापुन्हा वाचले आहेत. दमणच्या मानानं किती लहान, आणि तरी किती जास्त बोलणारे! इथे कुणी म्हणू शकत नाही की वाचलेले श्रीमंत होते, किंवा त्यांचं घर स्वच्छ होतं. एकाच ओसरीवरची भावंडं होती ती. पण याच कारणानं ते वाचवतही नाहीत. भायखळा आणि दमण होऊन गेलेलं, लसीवर हाफकिन यांचा स्वतःचा भरवसा होता. तरीही आईला टोचायचं आणि मावशीला वगळायचं, हे कुणीतरी यादीवर बोट ठेवून ठरवलं. आजची कुठलीही नीतिमत्ता समिती हा प्रयोग असा होऊ देणार नाही. निदान नियंत्रित गटाला थोड्याच दिवसांत लस द्या, असं बजावेल. माझं मत विचाराल तर, उंडेऱ्याशिवाय भायखळा-दमणवरची शंका फिटली नसती, आणि शंका राहिली असती तर लस मागे पडून पुढे कितीतरी अधिक माणसं गेली असती. हे मला पटतं. त्या सव्वीस जणांच्या घरी जाऊन मला ते सांगता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

शास्त्र म्हणून एक उणीव उरलीच. वाटणी माणसांनी आपल्या नजरेनं केली होती, चिठ्ठ्या टाकून नाही. नजर कितीही प्रामाणिक असली तरी अशक्त मूल कुठल्या बाजूला सरकवायचं हे ती नकळत ठरवतेच. यादृच्छिक वाटणीचा पाया रोनाल्ड फिशर यांनी शेतातल्या वाफ्यांवर घातला, त्यांचं प्रयोगांच्या आखणीवरचं पुस्तक १९३५ चं, आणि क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ती प्रसिद्ध चाचणी १९४८ मध्ये छापली गेली. उंडेरा त्याच्या पन्नास वर्षं आधीचं. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग आयोगानं हाफकिन यांच्या आकडेवारीतले दोष काढले, पण लस उपयोगी आहे हे मान्य केलं.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दिवशी १०७ जणांना लस दिली, आणि त्यांतले १९ जण धनुर्वातानं मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेलं. खरं तर पुरावा समोरच होता: लस सगळ्यांची एकच, फरक फक्त त्या एका बाटलीचा. तिचं बूच काढताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. पण हा हिशेब मान्य व्हायला पाच वर्षं लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले. त्यानंतर ते कलकत्त्याला परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचं नाव दिलं गेलं ते १९२५ मध्ये. १९३० च्या ऑक्टोबरात लोझानला त्यांचं निधन झालं. लग्न केलं नव्हतं. आपला पैसा ते पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले.