विद्यार्थिनी रमाबाई

पंडिता रमाबाईंना आपण मुक्ती मिशनच्या संस्थापिका म्हणून ओळखता. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थिनी म्हणूनही त्यांचे चरित्र मननीय आहे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी बालपणीच आईकडून संस्कृत विद्या संपादन केली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाची निकड मराठीत मांडली. ती साक्ष इतरांना इंग्रजीत उतरवावी लागली. त्याच सुमारास पुण्यात त्यांनी इंग्रजीचा अभ्यास आरंभिला.

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. परंतु मंद श्रवणशक्तीमुळे तो मार्ग खुंटला. परकी भाषा शिकणाऱ्यास ही केवढी अडचण! तरीही वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडून त्या इंग्रजी शिकत आणि त्यांना मराठी शिकवीत. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या विद्यार्थिनी होत्या, तशाच संस्कृतच्या शिक्षिकाही. विश्वासाविषयीच्या आपल्या शंका त्या गुरुजनांना इंग्रजी पत्रांतून निर्भयपणे विचारीत. अंतःकरणात विचारण्याजोगे काही होते, म्हणून शब्द वश झाले.

१८८७ साली अमेरिकेत त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. विधवांची व्यथा आता दुभाष्याविना जगापुढे गेली.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्या प्रभूमध्ये निजल्या.

वाचकहो, आपली मुले इंग्रजी शिकतातच. ती कोणाचे दुःख बोलण्यासाठी शिकतात, हे त्यांना अवश्य विचारा. आणि तो प्रश्न मराठीत विचारा.