कोको शनेल : खोट्या दागिन्यांची खरी गोष्ट



स्नेहसंमेलन आलं की आपल्या वर्गात इमिटेशनच्या दागिन्यांचे डबे उघडतात. मोत्याच्या माळा, ठुशी, बांगड्या, सगळं खोटं, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या श्रीमंत घरांत असं नव्हतं. खोटा दागिना घालणं म्हणजे खरा परवडत नाही हे कबूल करणं. ही समजूत मोडण्यात जिचा मोठा वाटा होता, त्या बाईची आज ओळख करून घेऊया.

गाब्रिएल शनेलचा जन्म १९ ऑगस्ट १८८३ रोजी फ्रान्समधल्या सोमूर गावी झाला. वडील बाजारोबाजारी माल विकत फिरायचे. जन्मनोंदीत आडनावात एक अक्षर जास्त पडलं. (जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्यांना हे नवीन नाही!) १८९५ मध्ये आई वारली आणि वडिलांनी मुलींना ओबाझीनच्या अनाथाश्रमात ठेवलं. तिथल्या नन्सकडे ती शिवण शिकली. पुढे मुलँ शहरात ती शिवणकाम करायची आणि कॅफेत गाणी म्हणायची. ‘कोको’ हे नाव तिथलंच.

१९१० मध्ये तिने पॅरिसच्या कांबॉन रस्त्यावर टोप्यांचं दुकान काढलं. मग साधे, अंगाला न जाचणारे कपडे आले, १९२१ मध्ये अत्तर आलं. हे बहुतेकांना माहीत असतं. दागिन्यांचं मात्र कमी सांगितलं जातं.

१९२४ च्या सुमारास तिने दागिन्यांचं काम सुरू केलं. ग्रिपुआ नावाच्या कुटुंबाचा कारखाना तिच्यासाठी काच वितळवून धातूच्या चौकटीत ओतायचा. सिसिलीचा सरदार फुल्को दि व्हेर्दुरा याने मीनाकाम केलेली रुंद कडी बनवली, त्यावर माल्टीज क्रॉस. ती स्वतः खऱ्या मोत्यांच्या माळांत खोट्या माळा मिसळून घालायची. दागिना शोभेसाठी असतो, तिजोरी दाखवायला नाही, असं तिचं मत होतं.

आज जगभर लोक हे जुने दागिने जमवतात. मग खोट्यातलं ‘खरं’ ओळखायचं कसं? ग्रिपुआची काच उजेडासमोर धरा, रंग आरपार दिसतो. खडा चिकटवलेला नसतो, काच चौकटीतच भरलेली असते. सगळ्यात गंमत शिक्क्याची आहे. युद्धापूर्वीच्या दागिन्यांवर सहसा तिचं नावच नसतं. उलट १९४१ च्या सुमाराच्या काही ब्रोचवर हाताने लिहिल्यासारखं ‘शनेल’ कोरलेलं आढळतं. ते न्यूयॉर्कच्या रेनाड नावाच्या कंपनीचे! कोकोचा त्यांच्याशी काही संबंध नाही. नाव वाचून खरेदी करणारे इथेच फसतात.

आता अवघड भाग. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ती एका जर्मन अधिकाऱ्यासोबत राहत होती. तिच्या अत्तराच्या कंपनीत वेर्थायमर या ज्यू कुटुंबाचा मोठा हिस्सा होता. ज्यूंविरुद्धच्या कायद्यांचा आधार घेऊन १९४१ मध्ये तिने ती कंपनी मिळवायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण वेर्थायमरांनी आधीच कंपनी एका विश्वासू माणसाच्या नावावर करून ठेवली होती. मी स्वतः ही गोष्ट मुलांना सांगताना आधी हा भाग गाळायचे. अनाथ मुलगी मोठी झाली एवढंच छान वाटायचं. आता गाळत नाही. पाचवीच्या मुलांना ‘दुसऱ्याचं बळकावणं’ नीट कळतं.

युद्धानंतर काही वर्षं ती स्वित्झर्लंडमध्ये राहिली. १९५४ मध्ये, सत्तरीत, तिने पुन्हा काम सुरू केलं. याच दशकात रोबेर गूसांस हा कारागीर तिच्याकडे आला आणि जुन्या बायझंटाइन दागिन्यांच्या धर्तीचे जडजड तुकडे घडू लागले.

स्वतःच्या बालपणाबद्दल मात्र ती कधी खरं बोलली नाही. अनाथाश्रमाचा उल्लेख टाळायची, मावश्यांनी वाढवलं म्हणायची, वडील अमेरिकेला गेले म्हणायची. जन्मसालही दहा वर्षांनी पुढे ढकलायची. १० जानेवारी १९७१ रोजी पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात ती गेली तेव्हा तिच्या हिशोबाने ती ७७ वर्षांची होती. सोमूरच्या नोंदीप्रमाणे ८७.