कविवर पंडित बनारसीदास

समयसाराच्या स्वाध्यायात ज्यांच्या ‘नाटक समयसार’ या ग्रंथाचा आधार आजही आदराने घेतला जातो, ते कविवर बनारसीदास मुनी नव्हते, भट्टारकही नव्हते. ते एक व्यापारी श्रावक होते आणि व्यापारात त्यांना यशापेक्षा खोटच अधिक आली.

विक्रम संवत १६४३ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिराचे व्यापारी. कुमारवयात बनारसीदासांना विद्येची गोडी होती, तशीच विषयसुखाचीही. चौदाव्या वर्षी त्यांनी ‘नवरस’ नावाचे सुमारे हजार पद्यांचे शृंगारप्रधान काव्य रचले. पुढे एके दिवशी गोमतीच्या पुलावर ते मित्रांना वाचून दाखवीत असता त्यांच्या मनात विचार आला, की एक असत्य बोलणाराही दोषास पात्र होतो, आपण तर हजार कल्पित गोष्टी रचल्या. त्यांनी पोथी नदीत टाकली. मित्र हळहळले. बनारसीदासांचे मात्र त्या दिवसापासून नित्य देवदर्शन आणि व्रतनियम सुरू झाले.

जवाहीर, तूप, तेल व कापड घेऊन ते आग्र्यास गेले. तेथे भांडवल बुडाले. कित्येक महिने एका कचोरीवाल्याकडे त्यांनी उधारीवर पोट भरले. त्या भल्या माणसाने तगादा लावला नाही, हेही पूर्वपुण्यच म्हणावे.

संवत १६८० मध्ये अर्थमल ढोर यांनी त्यांना पांडे राजमल्लांची टीका असलेला समयसार वाचावयास दिला. शुद्ध आत्म्याचे ते स्वरूप वाचून ते इतके भारावले, की पूजा, सामायिक, प्रतिक्रमण सारे त्यांना निरर्थक वाटू लागले. तीन मित्रांसह बंद खोलीत नग्न होऊन नाचावे आणि आपण मुनी झालो असे म्हणावे, येथपर्यंत मजल गेली. समाजात निंदा झाली. निश्चयनय मुखी आला होता, व्यवहार मात्र सुटला होता.

ही अवस्था सुमारे बारा वर्षे टिकली. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले व त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले. जीव ज्या गुणस्थानी असेल त्यास अनुरूप क्रिया असते, हे ऐकून बनारसीदासांना आपली चूक उमगली. पोथी नदीत टाकणे त्या मानाने सोपे होते. ज्यास आपण ज्ञान समजलो तेच अपुरे होते, हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर मान्य करणे फार कठीण. त्यांनी ते केले आणि पुढच्याच वर्षी ‘नाटक समयसार’ पूर्ण झाले.

संसारात दुःख अपार होते. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, एकही वाचले नाही. संवत १६९८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ६७५ पद्यांत आत्मचरित्र लिहिले. त्यात प्रेमप्रकरणे, उधारी आणि तो नग्न नाचही लपविलेला नाही. शेवटी व्यापाऱ्याने जमा व नावे मांडावी, तसे स्वतःचे गुण आणि दोष मांडले आहेत. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी ग्रंथास ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे देहावसान झाले आणि उरलेले अर्धे कथानक लिहावयाचे राहून गेले.